रतनबाईच्या पत्रातली कोरी ओळ

पेटी ओतली तेव्हा आधी पाणी आलं, मग कागद.

"वाळव," सुभेदार म्हणाले. "वाच, यादी कर. दस्तक निघालं तर गलबत त्यांचं. नाही निघालं तर आपलं. पौर्णिमा होऊन आज तिसरा दिवस. नवव्या दिवशी सकाळी मला उत्तर पाहिजे."

एवढं बोलून ते गेले. दफ्तराच्या ओट्यावर मी, ओल्या कागदांचा ढीग आणि एक म्हातारा कैदी असे तिघे उरलो. कैद्याचं नाव वालजी. धरलेल्या गलबताचा तो कराणी, म्हणजे गलबतावरचा लिहिणारा. कागद ओळखायला म्हणून त्याला माझ्याजवळ बसवलं होतं.

"हळू," तो म्हणाला. "शाई उठेल. आधी फडक्यावर पसर, मग उन्हात ठेव. कोणी शिकवलं नाही तुला?"

मी तेवीस वर्षांचा होतो. कासवदुर्गावर येऊन मला चार महिने झाले होते. नाव पुरसो शेणवी. वडील दीवला फिरंग्यांच्या वखारीत कारकून होते, त्यामुळे मला गुजराती अक्षर आणि फिरंगी भाषा दोन्ही येत होतं. गडावर दुसऱ्या कोणाला ते येत नव्हतं. तेवढ्यावर मला उमेदवार म्हणून ठेवलं होतं. काम पसंत पडलं तर गादी, नाही तर घरचा रस्ता.

दस्तक म्हणजे आमच्या सरकारचा परवाना. तो जवळ असलेल्या गलबताला आमच्या गुराबांनी, म्हणजे लढाऊ जहाजांनी, हात लावायचा नाही आणि नसलेलं सोडायचं नाही, अशी आम्हाला सनद होती. समुद्रावरचे लोक आम्हाला चाचे म्हणत. आम्ही स्वतःला सरकारी चाकर म्हणवत होतो.

हे गलबत वेरावळचं, नाव 'हरिपसाव'. नारळी पौर्णिमा झाल्या झाल्या सगळ्यांच्या आधी कालिकतला पोचायचं म्हणून घाईनं निघालेलं. पाठलागात शिडाचा वासा तुटून नाखुदा, म्हणजे कप्तान, मावजी खारव्याच्या डोक्यात पडला. तो वैद्याच्या झोपडीत बेशुद्ध होता. बाकीचे अठरा जण लाकूडवखारीत कोंडलेले. दस्तक निघालं नाही तर एकोणिसांनाही तटाचे दगड वाहायला लावणार होते. त्या कामावरून परत गेलेला माणूस मी तरी पाहिला नव्हता.

एक ते सोळा

मालाच्या याद्या, आडत्यांची पत्रं, एक पंचांग.

"दस्तक होतं, मुनशी," वालजी दर दोन कागदांनी म्हणायचा. "मी ह्या डोळ्यांनी बघितलं. नाखुदाच्या घरी. लाल शिक्का होता."

"मग पेटीत का नाही?"

"ते पेटीला विचार."

"पेटी बोलत नाही."

"म्हणून तर मी बोलतोय. सकाळपासून आणखी कोण बोलतंय इथे?"

हे खरं होतं. वालजी झोपेतसुद्धा बोलत असावा. माझं नाव, गाव, जात, लग्न झालं की नाही, हे सगळं त्यानं दुपारच्या आत काढून घेतलं.

"दीवला कोण आहे?"

"आई."

"पत्र लिहितोस?"

"लिहीन."

"अरे, दीव आमच्या वेरावळच्या शेजारी! चार महिन्यांत एक ओळ नाही? आणि दिवसभर दुसऱ्यांची पत्रं वाचतोस?"

मी पुढचा कागद उचलला.

सतरा

यादीत मी असं लिहिलं: *बाईमाणसाचे पत्र, भावास. घरगुती. निरुपयोगी.*

त्या वेळी वालजीला जेवायला नेलं होतं. पत्राची पहिली ओळ रामरामाची होती, दुसरी म्हैस व्याल्याची. मी तिथेच थांबलो.

निरुपयोगी कागदांची एक टोपली होती. ती संध्याकाळी दारूखान्यात जायची. तिथे कागद कापून त्याच्या नळ्या वळत आणि एका बाराची दारू आणि गोळी भरून बंदुकीचे तोटे करत. कागदाची चणचण होती, म्हणून हीच रीत होती. कोणाच्या तरी म्हशीची खबर पुढच्या गलबतावर गोळी होऊन जायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

अठरा ते एक्केचाळीस

दस्तक नाही.

सातवा दिवस

वालजी धावत आला. पहारेकरी त्याच्या मागे धापा टाकत होता.

"नाखुदा बोलला!"

"काय बोलला?"

"नारळ! सकाळपासून नारळ, नारळ. वैद्याला वाटलं तहान लागली. त्यानं शहाळं फोडून दिलं. मावजीनं ते भिरकावलं ते थेट वैद्याच्या गुडघ्यावर. आता वैद्यच पडून आहे."

"आणखी काही?"

"रतनला विचारा, म्हणाला. मग डोळे मिटले. रतन म्हणजे त्याची बायको. ती बसलीय वेरावळात. आता तिला काय दर्यातून हाक मारू?"

म्हशीच्या वरच्या ओळीत तेच नाव होतं. *बहीण रतन हिचा रामराम.*

मी यादी उघडली. सतरा. माझंच वळणदार अक्षर.

टोपली चार दिवसांपूर्वीच गेली होती.

सतरा, पुन्हा

दारूखान्याच्या दारात जोडे काढावे लागत, कंबरेचं लोखंड ठेवावं लागत असे. इब्राहीम जमादारानं माझं पागोटंसुद्धा झाडून पाहिलं.

"गुजराती अक्षराचा एक कागद," मी म्हणालो. "जाडसर. पिवळा."

"जाडसर म्हणजे उत्तम कागद. त्याचे सहा तोटे झाले."

"ते मला उलगडून हवेत."

जमादार माझ्याकडे बघतच राहिला. "शेणवी, तीस वर्षं मी दारू आत भरतोय. बाहेर काढ म्हणणारा तू पहिलाच."

"एकोणीस माणसांचा प्रश्न आहे, जमादार."

"मग आधी का नाही वाचलंस?"

त्यानं पेटारा ओढला, अक्षर बघून एकेक तोटा वेगळा केला आणि लाकडी सुरीनं उकलू लागला. दारू एका परातीत, गोळ्या दुसरीत. पट्ट्या माझ्या हातात. त्या काळ्या झाल्या होत्या, पण शाई टिकली होती.

"पाच," मी म्हणालो.

"सहावा आज सकाळी उडवला. परीक्षेला." जमादारानं मान खाली घातली. "बार चांगला झाला."

ओट्यावर येऊन मी पट्ट्या लावल्या. वालजी समोर बसला. मी मोठ्यानं वाचलं. त्या वेळी सांगितला तसाच आमच्या भाषेतला अर्थ इथे देतो.

*कालिकत बंदरी भाऊ देवशी यास बहीण रतन हिचा रामराम. इकडे म्हैस व्याली. पारडी झाली. तुझ्या भाचीनं तिचं नाव*

*अजून ठेवलं नाही. गेल्या साली यांनी दस्तक पेटीत ठेवलं आणि उंदरांनी त्याचा कोपरा खाल्ला. शिवाय पेटी काय, कोणीही फोडील आणि दस्तक फाडून म्हणेल की नव्हतंच. म्हणून यंदा मी*

*नारळ आतून कोरला, मेणकापडात दस्तक गुंडाळून आत घातलं, लाखेनं तोंड बंद केलं आणि गलबताच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, देवीच्या नावानं बांधायला दिला. त्या किनाऱ्याचे लोक पेटीला हात घालतील, देवीच्या नारळाला*

*नाही. हे फक्त यांना ठाऊक. कराणी वालजीला सांगितलेलं नाही. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात तीळ*

*भिजत नाही. गलबत पोचलं की तू स्वतः नाळेवर चढून तो सोड. यांचे गुडघे दुखतात, यांना चढू देऊ नको. आणि*

सहावी पट्टी नव्हती.

वालजी बराच वेळ गप्प होता. मी त्याला ओळखू लागल्यापासून पहिल्यांदाच.

"माझ्या तोंडात?" तो शेवटी म्हणाला. "तीळ?"

"बाईमाणूस आहे. रागावू नका."

"रागावू नको? अरे, मला सांगितलं असतं तर पहिल्याच दिवशी, तुमची गुराब दिसताच, मी नाळेवर उभा राहून बोंब मारली असती, की दस्तक इथे आहे! आज कालिकतला जेवत असतो आम्ही!"

आम्ही दोघं तसेच बंदरावर धावलो. 'हरिपसाव' नांगरावर डोलत होतं. त्याच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, दोरीचं एक तुटकं टोक लोंबत होतं.

नारळ नव्हता.

रीत

गलबत ओढून आणणाऱ्या खलाशांचा तांडेल भिवा गाबीत जाळ्याच्या दोऱ्या वळत बसला होता. मी विचारलं तेव्हा तो अभिमानानंच बोलला.

"तो नारळ? तो मी दर्याक दिलंय. धरलेला गलबत खाडीत घेवच्या आधी तेच्या नाळेवरचो नारळ दर्याक देवचो लागता. नायतर तेची देवी आपल्यार कोपता. माझ्या आज्यापासून असाच आसा."

रतनबाईचा हिशेब चुकला नव्हता. आमच्या लोकांनी तिच्या नारळाला चोरीचा हात लावलाच नव्हता. हात जोडून, हळद-कुंकू वाहून, तो समुद्रात सोडला होता.

"हलका नाही लागला?" मी विचारलं.

"लागलो. म्हटलंय, जुनो आसतलो." मग माझा चेहरा बघून त्याचे हात थांबले. "कित्याक? काय होता तेच्यात?"

मी सांगितलं. भिवाच्या हातातली दोरी खाली पडली.

"सुभेदार माझी चामडी काढतलो."

"माझीही," मी म्हणालो.

"खंय सोडलंत? भरती होती की ओहोटी?" वालजीनं विचारलं. त्याच्या तोंडी गाबतांची, म्हणजे इथल्या कोळ्यांची, बोली कुठून आली देव जाणे, चार-पाच दिवसांत उचलली असावी.

"भरती," भिवा म्हणाला. आणि आम्ही तिघंही एकदम किनाऱ्याच्या पुळणीकडे बघू लागलो.

पौर्णिमेला अख्ख्या गावानं नारळ सोडले होते. त्यातले कितीतरी भरतीबरोबर परत यायचे. ते कोणी घरी नेत नसे. गाबतिणी ते वेचून देवीच्या झोपडीत रचत आणि नवव्या दिवशी फोडून गावभर वाटत. आम्ही झोपडीत शिरलो तर छपराला टेकेल एवढी रास.

एकेक नारळ कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं की बाजूला. भिवा देत होता, वालजी हलवत होता, मी मांडत होतो. दोनशेच्या पुढे माझी मोजणी चुकली. सगळे वाजले. शेवटचासुद्धा.

"चोर आसात काय तुम्ही?" दारातून आवाज आला.

भिवाची बायको आवडू. डोक्यावर पाटी, कासोट्याला वाळू, चेहऱ्यावर संताप.

"देवीच्या नारळाक हात? आणि तू पण? घोव म्हणान काय बोलूचा नाय काय मी?"

"आवडू, ऐक तरी," भिवा म्हणाला. "एक नारळ गावता काय बघतंव. ज्येच्यात पाणी नाय असो."

तिनं पाटी खाली ठेवली.

"तो होय?" ती म्हणाली. "खुळखुळो. पाचव्या दिवसा गावलो माका. पाणी नाय, खोबरा नाय. असलो नारळ देवीक कसो ठेवतलंय? माझ्या जाळ्याचो एक बोयो तुटलो होतो. तेच्या जाग्यार बांधून टाकलंय."

बोया म्हणजे जाळं वर तरंगतं ठेवणारा भोपळा.

"जाळं कुठं आहे?" मी विचारलं.

आवडूनं समुद्राकडे बोट दाखवलं. ऊन अजून कलायचं होतं. दूर पाण्यावर ठिपक्यांची एक ओळ हलत होती.

"तुझी होडी दे," भिवा म्हणाला.

"माझी होडी, माझा जाळा," आवडू म्हणाली. "मीच येतंय. तुझ्या हातात परत नारळ देवचो नाय मी."

नववा दिवस

सुभेदार बाबाजी मयेकर दफ्तरात येऊन बसले. समोर मी, वालजी, भिवा, आणि कोणी बोलावलं नसताना आवडू. मध्ये पाटावर तो नारळ. त्याच्या तोंडावरची लाख शाबूत होती. बोया बांधल्याचा वळ मात्र सालावर उमटला होता.

मी सगळं सांगितलं. सतरावर काय लिहिलं ते, टोपली, तोटे, पट्ट्या. माझा भाग मी शेवटी ठेवणार होतो. बोलताना तो आधीच आला.

सुभेदारांनी नारळ उचलला. हलवला. आत काहीतरी मऊ सरकल्यासारखं वाजलं.

"हा दर्याला दिलेला नारळ," ते म्हणाले. "दिलेलं परत घ्यायचं नाही. ही रीत माझी नाही, तुमच्या सगळ्यांची. मी हा परत खाडीत सोडला तर मला कोण दोष देईल?"

खिडकीतून 'हरिपसाव'ची डोलकाठी दिसत होती. देखणं गलबत होतं. सुभेदारांच्या मनात ते भरलं होतं हे गडावर सगळ्यांना ठाऊक होतं. आत काय आहे ते अजून कोणी पाहिलेलं नव्हतं. कासवदुर्गावर शब्द त्यांचाच चाले. मी वालजीकडे पाहिलं. तो ओठ घट्ट मिटून बसला होता. तीळ भिजत घातल्यासारखा.

"सुभेदारानू," आवडू म्हणाली.

"बोल."

"आम्ही खंय परत घेतला? भिवान दिल्यान. दर्यान ठेवून घेवक नाय. दोन दिसांत माझ्या पायाकडे आणून टाकल्यान. मी तेका परत दर्यात बांधलंय. तरी परत इलो. दोनदा देवन दर्या जा परत करता, तेका काय म्हणतत?"

सुभेदारांनी नारळ परत पाटावर ठेवला.

"परसाद," आवडूनंच सांगितलं. "आणि परसाद नको म्हणूचो नसता."

जमादार दारात उभा होता. तो हसला, मग खोकला आला असं दाखवलं.

सुभेदारांनी कोयता मागवला. एकाच घावात करवंटी दुभंगली. आत मेणकापड, त्यात कागद, कोरडा ठणठणीत. लाल शिक्का आमचा. मुदत पुढच्या वैशाखापर्यंत. खालची सही त्यांनी उजेडाकडे धरून बघितली.

"सही माझीच आहे," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "सतरावर काय लिहिलंस?"

"निरुपयोगी."

"खोड."

मी खोडलं.

"गलबत चौथ्या दिवशी सुटेल. तोवर टोपलीतून गेलेले सगळे कागद उकलायचे, जोडायचे आणि नव्यानं लिहून यांच्या पेटीत भरायचे. एकही म्हैस मागे राहता कामा नये."

"आणि गादी?" मी धीर करून विचारलं.

"आधी शेवटपर्यंत वाचायला शीक. मग बघू."

नक्कल

जमादारानं स्वतः पट्ट्या आणून दिल्या. "आता मी तोटे कशाचे वळू?" तो कुरकुरला. मी त्याला दफ्तरातल्या जुन्या याद्यांचा गठ्ठा दिला. वालजी जवळ बसून शब्द लावून द्यायचा. कोणाच्या घरी लग्न ठरलं होतं. कोणाला परदेशात जाऊन आठवं वर्ष लागलं होतं आणि घरच्या विहिरीला गोडं पाणी लागलं होतं. एकानं धाकट्या भावाला लिहिलं होतं की भांडण विसरलो, ये. हेही निरुपयोगीच्या टोपलीत होतं.

रतनबाईचं पत्र मी सर्वांत शेवटी उतरवलं. खाली एक ओळ कोरी सोडली.

नाखुदा मावजी आता काठी टेकत चालत होता. मी त्याला विचारलं, इथे काय असेल?

"पत्र तिनं भावाला लिहिलं," तो म्हणाला. "मला बायकोनं विचारलं, तर मी एवढंच म्हणालो, नारळ जरा मोठा घे."

"मला विचारलं असतं तर पाठ असतं," वालजी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी यादीत मी एक आकडा वाढवला. *बेचाळीस: पुरसो शेणवी याचे पत्र, आईस, दीव.* वालजीनं ते पेटीत नाही, आपल्या अंगरख्याच्या आत ठेवलं.

'हरिपसाव' निघालं तेव्हा नाळेवर नवा नारळ होता. आवडूनं दिलेला. तो पाण्यानं भरलेला होता, मी हलवून बघितला.

सतरा, शेवटची पट्टी

पुढच्या वर्षी पौर्णिमा उलटून पंधरा दिवस झाले असतील. मी गादीवर बसलो होतो. खालून आवाज ऐकू आला. पायऱ्या चढत, पहारेकऱ्याला त्याच्या मुलाबाळांची नावं विचारत कोणीतरी येत होतं. वालजी.

"दस्तक नाळेवर आहे," तो दारातूनच म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे. मी सांगितलं."

त्यानं आईचं पत्र दिलं. ते मी बाजूला ठेवलं. ते एकट्यानं वाचायचं होतं.

"आणि हे. देवशीनं परत पाठवलेली तुझी नक्कल रतनबाईनं बघितली. कोरी ओळ बघून हसली, मग रडली, मग मला म्हणाली, बस, लिही. माझ्याच हातून लिहून घेतलं. आठ महिने झाले, मुनशी. कोणाला अक्षर सांगितलेलं नाही. तीळ भिजला."

कागदाची अरुंद पट्टी होती. तोट्याला कापतात तेवढीच. मी सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

*आणि हे पत्र वाटेत कोणा परक्याच्या हाती पडलं, तर त्या भावालाही माझा रामराम. त्याच्याही घरी कोणी वाट बघत असेल.*